नवा खेळ नव्या कार्डावर चालेल का?

संगणकावरच्या खेळांची आवड असलेली मुले एकत्र जमली की एक प्रश्न हमखास निघतो. अमुक एक खेळ लवकरच येणार आहे. बाजारात नुकत्याच आलेल्या चित्रतंत्राचा उपयोग त्यात केलेला असेल का? पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो. असेल, तर आपल्या घरच्या संगणकावर तो चालेल का? शिक्षकांच्या कानावर हे बोलणे पडलेच, तर खेळाच्या गप्पा म्हणून आपण ते सोडून देतो. पण या प्रश्नाच्या पोटात आठवी-नववीची भूमिती आहे, साधे अंकगणित आहे आणि तंत्रज्ञानाच्या इतिहासाचा एक चांगला धडाही आहे. तो धडा समजून घ्यायचा तर १९९६ सालच्या एका खेळाकडे जावे लागेल. त्या खेळाचे नाव ‘क्वेक’.

क्वेक हा खेळ अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातील ‘इड सॉफ्टवेअर’ या छोट्या कंपनीने जून १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. अंधाऱ्या तळघरांतून हिंडायचे आणि समोर येणाऱ्या राक्षसांना गोळ्या घालायच्या, एवढीच त्याची गोष्ट. ती फार उदात्त आहे असे कोणी म्हणणार नाही. आपल्याला रस आहे तो त्याच्या पडद्यामागच्या गणितात आणि त्याच्या कर्त्यांना घ्याव्या लागलेल्या निर्णयांत.

भिंत दूर जाते तेव्हा

संगणकाचा पडदा म्हणजे रंगीत बिंदूंची जाळी. त्या काळी खेळांत ती बहुधा आडवे ३२० आणि उभे २०० बिंदू एवढी असे, म्हणजे एकूण ६४,००० बिंदू. त्रिमितीचा भास निर्माण करायचा तर या प्रत्येक बिंदूचा रंग ठरवावा लागतो, आणि हलते चित्र हवे असेल तर हे काम सेकंदाला वीस-तीस वेळा करावे लागते.

समजा, पडद्यावर विटांची एक भिंत दाखवायची आहे. विटांचे एक सपाट चित्र आधीच मेमरीत ठेवलेले असते. त्याला आपण भिंतीचा ‘पोत’ म्हणू. भिंत जिथे दिसते तिथे हा पोत चिकटवायचा. एडविन कॅटमल यांनी १९७४ साली युटा विद्यापीठातील आपल्या प्रबंधात ही कल्पना मांडली होती. भिंत अगदी समोर असेल तर काम सोपे आहे. ती आपल्यापासून दूर दूर जात असेल, तर मात्र एक अडचण येते.

एक उदाहरण घेऊ. शाळेच्या व्हरांड्याची सरळ भिंत आपल्यापासून दूर जाते आहे. तिचे जवळचे टोक आपल्यापासून १० मीटरवर आणि लांबचे टोक ३० मीटरवर आहे. म्हणजे भिंत २० मीटर लांब. या दृश्याच्या चित्रात भिंतीची दोन टोके जिथे दिसतात, त्यांच्या बरोबर मधला बिंदू घेतला, तर तिथे भिंतीचा कोणता भाग दिसेल? चटकन उत्तर येते, भिंतीचा मध्य, म्हणजे २० मीटरवरचा भाग. हे उत्तर चूक आहे. चित्रातील स्थान अंतराच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणून सरासरी काढायची ती १० आणि ३० यांची नाही. १/१० आणि १/३० यांची. ती येते १/१५. म्हणजे चित्राच्या मध्यावर १५ मीटरवरचा भाग दिसतो. भिंतीचा पहिला पाव हिस्सा चित्रातली अर्धी जागा व्यापतो आणि उरलेला पाऊण हिस्सा दुसऱ्या अर्ध्यात दाटीवाटीने बसतो. रेल्वेच्या रुळांकडे पाहताना दूरचे स्लीपर एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात, ते याच कारणाने.

याचा संगणकाच्या दृष्टीने अर्थ असा, की भिंतीवरच्या प्रत्येक बिंदूसाठी एकेक भागाकार करावा लागतो. बेरीज, वजाबाकी संगणक झटकन करतो, गुणाकारही बऱ्यापैकी लवकर करतो. भागाकाराला मात्र वेळ लागतो. आपण हाताने गणिते करतो तेव्हाही अनुभव हाच असतो!

डूमची युक्ती, क्वेकची अडचण

इड सॉफ्टवेअरचाच आधीचा खेळ ‘डूम’ डिसेंबर १९९३ मध्ये आला होता. त्याचे प्रमुख प्रोग्रॅमर जॉन कार्मॅक यांनी भागाकाराच्या अडचणीतून एक पळवाट काढली होती. डूमच्या जगात सर्व भिंती अगदी उभ्या आणि सर्व जमिनी अगदी सपाट असत. खेळणाऱ्याला मान वर-खाली करता येत नसे. अशा जगात भिंतीवरच्या एका उभ्या रेघेतील सर्व बिंदू सारख्याच अंतरावर असतात, आणि जमिनीवरच्या एका आडव्या रेघेतील बिंदूही सारख्याच अंतरावर असतात. मग प्रत्येक बिंदूसाठी भागाकार कशाला? एका रेघेसाठी एक भागाकार पुरतो.

क्वेकमध्ये कार्मॅकना ही बंधने नको होती. उतरत्या भिंती हव्या होत्या, एका खोलीच्या डोक्यावर दुसरी खोली हवी होती, वर-खाली पाहता यायला हवे होते. बंधने गेली, तशी पळवाटही गेली. आता बिंदूगणिक भागाकार आला.

हे परवडते का, ते पाहू. त्या काळचा ७५ मेगाहर्ट्झचा पेंटियम प्रोसेसर घ्या. त्याच्या घड्याळाचे सेकंदाला साडेसात कोटी ठोके पडतात. सेकंदाला ३० चित्रे हवीत असे धरले, तर ६४,००० गुणिले ३० म्हणजे १९ लाख २० हजार बिंदू रंगवायचे. भागून पाहिले, तर एका बिंदूच्या वाट्याला सुमारे ३९ ठोके येतात. त्यातच राक्षसांच्या हालचाली, आवाज, भिंतीआड काय लपले आहे याचा हिशेब, सगळे बसवायचे. आणि पेंटियमला अपूर्णांकांचा एक साधा भागाकार करायला लागत १९ ठोके! म्हणजे निम्मे अंदाजपत्रक एकट्या भागाकारातच संपले.

कार्मॅक आणि त्यांचे सहकारी मायकेल अ‍ॅब्रॅश यांनी यावर दोन उपाय योजले. पहिला असा, की दर सोळा बिंदूंनंतर एकदाच खरा भागाकार करायचा आणि मधले बिंदू सरळ अंदाजाने भरायचे. इतक्या थोड्या अंतरात होणारी चूक डोळ्याला जाणवत नाही. दुसरा उपाय पेंटियमच्या रचनेत दडलेला होता. पेंटियममध्ये अपूर्णांकांचे गणित करणारा विभाग वेगळा होता. तो भागाकारात गुंतलेला असताना पूर्णांकांचा विभाग मोकळा असे. तेव्हा पुढच्या सोळा बिंदूंचा भागाकार एकीकडे सुरू करून द्यायचा आणि तो होईपर्यंत दुसरीकडे आधीचे सोळा बिंदू रंगवून घ्यायचे. चुलीवर भात शिजत असताना भाजी चिरून घेण्यासारखेच हे आहे.

या युक्तीची किंमत मात्र भलत्यांनाच मोजावी लागली. सिरिक्स कंपनीचे ६x८६ हे प्रोसेसर रोजच्या कामात पेंटियमच्या तोडीस तोड होते आणि स्वस्तही होते. पण अपूर्णांकांच्या गणितात ते मागे पडत. पैसे वाचवून असा संगणक घेतलेल्यांच्या घरी क्वेक अडखळत चालू लागला. खेळ कोणत्या यंत्राला धरून लिहायचा, हा निर्णय काही लोकांना बाहेर ठेवणाराही असतो, हे इथे पहिल्यांदा दिसते.

कार्ड आधी की खेळ आधी?

सोळा बिंदूंची युक्ती ३२० गुणिले २०० च्या पडद्यावर चालली. पण त्याच पेंटियमवर ६४० गुणिले ४८० चे सुबक चित्र हवे असेल तर? मग चित्रात ३ लाख ७ हजार २०० बिंदू होतात. सेकंदाला ३० चित्रांच्या हिशेबाने एका बिंदूच्या वाट्याला उरतात जेमतेम आठ ठोके. एवढ्यात काही व्हायचे नाही. युक्त्यांची हद्द इथे संपत होती.

यावरचा उपाय जगात अस्तित्वात होता, पण महाग होता. जिम क्लार्क यांनी १९८२ च्या सुमारास स्थापन केलेली ‘सिलिकॉन ग्राफिक्स’ ही कंपनी केवळ चित्रांचे गणित करणाऱ्या खास चिपा बसवलेले संगणक बनवत असे. १९९३ सालच्या ‘ज्युरासिक पार्क’ चित्रपटातील संगणकावर काढलेले डायनोसॉर अशाच यंत्रांवर तयार झाले. ही यंत्रे प्रयोगशाळांना आणि चित्रपटसंस्थांना परवडत. घरी खेळ खेळणाऱ्या मुलांना परवडण्याचा प्रश्नच नव्हता.

सिलिकॉन ग्राफिक्समध्ये पूर्वी काम केलेल्या काही अभियंत्यांनी १९९४ मध्ये ‘थ्रीडीएफएक्स’ नावाची कंपनी काढली. त्यांचे ‘व्हूडू’ हे कार्ड १९९६ च्या उत्तरार्धात सुमारे ३०० डॉलरला बाजारात आले. मेमरी चिपांचे भाव त्याच सुमारास कोसळले होते, म्हणून ही किंमत शक्य झाली. या कार्डाला साधी अक्षरेसुद्धा पडद्यावर दाखवता येत नसत. त्यासाठी संगणकातले जुने कार्ड तसेच ठेवावे लागे आणि दोन्हींच्या मध्ये एक केबल जोडावी लागे. व्हूडूला एकच काम येत असे, त्रिकोणांवर पोत चढवण्याचे. ते मात्र ते फारच वेगाने करी. त्याच्या घड्याळाचे सेकंदाला पाच कोटी ठोके पडत आणि प्रत्येक ठोक्याला एक बिंदू, अचूक भागाकारासह, रंगवून तयार होत असे.

या कार्डाच्या मर्यादाही साध्या गणिताने समजतात. रंगवलेले चित्र ठेवायला त्यात दोन मेगाबाइट, म्हणजे २०,९७,१५२ बाइट मेमरी होती. ६४० गुणिले ४८० च्या चित्रात प्रत्येक बिंदूला दोन बाइट लागतात, म्हणजे एका चित्राला ६,१४,४०० बाइट. एक चित्र पडद्यावर दिसणारे, दुसरे मागे तयार होत असलेले, आणि तिसरी प्रत्येक बिंदूच्या अंतराची नोंदवही. एकूण झाले १८,४३,२००. बसले! आता ८०० गुणिले ६०० चे गणित करून पाहा. उत्तर येते २८,८०,०००, आणि ते मावत नाही. खेळाचा पडदा ६४० वरच का अडला, हे कोणीही न सांगता कळते.

कार्ड तर आले, पण ते घ्यायचे कोणी? त्यावर चालणारे खेळ फारसे नव्हते, म्हणून लोक घेईनात. लोकांकडे कार्ड नाही, म्हणून खेळ लिहिणारे तिकडे वळेनात. नव्या तंत्राच्या इतिहासात हा पेच पुन्हा पुन्हा भेटतो. तो सुटायला असा एक खेळ लागतो, की ज्याच्यासाठी लोक कार्ड विकत घ्यायला तयार होतील. क्वेक हा असा खेळ होऊ शकत होता. म्हणूनच क्वेक कोणत्या कार्डावर चालणार, या प्रश्नाकडे १९९६ साली सगळ्या उद्योगाचे डोळे लागले होते.

एका कार्डासाठी एक खेळ

पहिला प्रयत्न व्हूडूसाठी झाला नाही. ‘रेंडिशन’ या कंपनीच्या ‘व्हेरिटे’ नावाच्या चिपसाठी क्वेकची एक खास आवृत्ती तयार करण्यात आली. तिचे नाव व्हीक्वेक. ती डिसेंबर १९९६ मध्ये आली. ती चांगली चालली, पण ती त्या एकाच चिपवर चालणारी होती. त्या वेळी बाजारात अशा अनेक कंपन्या उतरत होत्या आणि प्रत्येकीची आपल्या चिपशी बोलण्याची पद्धत निराळी होती. दर कार्डासाठी खेळ नव्याने लिहायचा, तर उरलेले आयुष्य त्यातच जायचे. कार्मॅकनी ठरवले की हे पुन्हा करायचे नाही.

एकाच कार्डावर किंवा एकाच कल्पनेवर विसंबण्यातला धोका आणखी एका उदाहरणातून दिसतो. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘एनव्हिडिया’ या कंपनीने १९९५ साली आपली पहिली चिप आणली. बाकी सारे जण वस्तूंचे पृष्ठभाग त्रिकोणांच्या तुकड्यांनी बनवत होते. या चिपेने वक्र तुकडे वापरले. कल्पना हुशारीची होती. पण १९९६ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने खेळांसाठी ‘डायरेक्ट-थ्रीडी’ नावाची व्यवस्था आणली ती त्रिकोणांवर आधारलेली. वक्र तुकड्यांसाठी खेळ लिहिणारे उरले नाहीत आणि ती चिप बाजूला पडली. कंपनी कशीबशी तगली आणि पुढच्या चिपांत तीही मुकाट्याने त्रिकोणांकडे वळली.

कोणत्या भाषेत बोलायचे?

आता खेळ आणि कार्ड यांच्यामध्ये एक समाईक भाषा हवी होती. खेळाने त्या भाषेत आज्ञा द्यायच्या आणि प्रत्येक कार्डाच्या कंपनीने त्या आपल्या चिपेला समजावून सांगायच्या. १९९६ च्या अखेरीस अशा तीन भाषा समोर होत्या.

पहिली थ्रीडीएफएक्सची स्वतःची ‘ग्लाइड’. ती सुटसुटीत आणि वेगवान होती, पण फक्त त्याच कंपनीच्या कार्डांना समजे. दुसरी मायक्रोसॉफ्टची डायरेक्ट-थ्रीडी. ती सर्व कार्डांसाठी होती, पण तिच्या त्या वेळच्या स्वरूपात साध्या त्रिकोणासाठीही आज्ञांचे किचकट गाठोडे बांधून द्यावे लागे. तिसरी ‘ओपनजीएल’. सिलिकॉन ग्राफिक्सने आपल्या महागड्या यंत्रांची भाषा १९९२ मध्ये सर्वांना खुली केली, तीच ही. ती नीटनेटकी आणि चांगली मुरलेली होती. पण ती अभियंत्यांची आणि शास्त्रज्ञांची भाषा, खेळांना पेलण्याइतका वेग स्वस्त कार्डांवर तिला साधणार नाही, असा समज होता.

कार्मॅकनी डिसेंबर १९९६ मध्ये आपले मत जाहीरपणे मांडले. दोन्ही भाषांत काम करून पाहिल्यावर ओपनजीएल त्यांना उजवी वाटली होती, आणि डायरेक्ट-थ्रीडीसाठी आपण खेळ लिहिणार नाही असे त्यांनी स्पष्ट केले. जानेवारी १९९७ मध्ये ‘जीएलक्वेक’ आला. थ्रीडीएफएक्सपाशी त्या वेळी पूर्ण ओपनजीएल नव्हतेच. मग त्यांनी एक तोड काढली. क्वेकला ज्या थोड्याच आज्ञा लागतात तेवढ्याच समजणारे एक छोटे ओपनजीएल त्यांनी तयार केले. म्हणजे भाषेचे व्याकरण पूर्ण यायच्या आधी, एका खेळापुरती वाक्ये पाठ करून घेतली! इतर कंपन्यांनीही हाच मार्ग धरला. एका खेळाच्या गरजेपोटी घरगुती कार्डांमध्ये एक खुली भाषा शिरली.

त्याच वर्षी अनेक नामवंत खेळनिर्मात्यांनी ओपनजीएलला पाठिंबा द्यावा अशी मागणी मायक्रोसॉफ्टकडे जाहीर पत्राने केली. मायक्रोसॉफ्टने आपली भाषा सोडली नाही. पण १९९७ सालच्या पुढच्या आवृत्तीत आज्ञा देण्याची सोपी पद्धत आणली. पुढे बहुसंख्य खेळ डायरेक्ट-थ्रीडीकडेच गेले. तेव्हा या वादात अमुक जिंकला, असे म्हणणे कठीण आहे. स्पर्धेमुळे दोन्ही भाषा सुधारल्या, एवढे मात्र खरे.

ऐच्छिक विषय सक्तीचा होतो

यानंतरचा क्रम शिक्षकांना ओळखीचा वाटेल. एखादा विषय आधी अभ्यासक्रमाबाहेर असतो, मग ऐच्छिक होतो आणि काही वर्षांनी सक्तीचा. जून १९९६ चा मूळ क्वेक फक्त प्रोसेसरवर चालणारा. जानेवारी १९९७ पासून कार्ड ऐच्छिक. डिसेंबर १९९७ च्या ‘क्वेक २’ मध्ये दोन्ही सोयी. डिसेंबर १९९९ च्या ‘क्वेक ३’ मध्ये प्रोसेसरवर चित्र काढण्याची सोयच ठेवलेली नव्हती. कार्ड नाही तर खेळ नाही. साडेतीन वर्षांत हा प्रवास पुरा झाला.

याच वेळी भाषेच्या निवडीचे खरे फळ दिसले. १९९९ च्या अखेरीस एनव्हिडियाने ‘जीफोर्स २५६’ हे कार्ड आणले. तोपर्यंतची कार्डे त्रिकोणावर रंग चढवत. पण त्या त्रिकोणाचे कोपरे पडद्यावर कुठे पडतील, हे प्रोसेसरलाच काढावे लागे. नव्या कार्डाने तेही काम आपल्याकडे घेतले. ग्लाइड भाषेतले खेळ कोपऱ्यांचे गणित स्वतःच उरकून मग कार्डाशी बोलत. त्यांना या नव्या सोयीचा काही उपयोग झाला नाही. ओपनजीएलमध्ये मात्र ‘ही वस्तू इथे ठेव’ एवढेच सांगता येत असे. गणित कोणी करायचे, ते भाषेच्या आतला कारभार ठरवी. त्यामुळे त्या पद्धतीने लिहिलेल्या खेळांना नव्या कार्डाचा लाभ आपोआप मिळाला. काम कसे करायचे हे न सांगता काय करायचे एवढेच सांगितले, की उद्याच्या सुधारणेला जागा राहते. क्वेकच्या सगळ्या कथेतली ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

आणि ज्यांनी ही क्रांती घरोघरी नेली त्या थ्रीडीएफएक्सचे काय झाले? १९९८ च्या अखेरीस तिने कार्डे बनवणारी एक कंपनी विकत घेण्याचे ठरवले आणि चिपा इतरांना विकण्याऐवजी सगळी कार्डे स्वतःच बनवायचा मार्ग धरला. जुने ग्राहक प्रतिस्पर्धी झाले, नवे तंत्र आणण्यात ती मागे पडली, आणि डिसेंबर २००० मध्ये तिने आपली मालमत्ता एनव्हिडियाला विकली. ग्लाइड भाषा तिच्याबरोबर गेली. जे खेळ केवळ तीच भाषा बोलत होते, ते नव्या कार्डांपुढे मुके झाले.

खेळापलीकडे

२००१ पासून कार्डांना छोटे छोटे प्रोग्रॅम देता येऊ लागले. कार्डात आता हजारो बिंदूंचे गणित एकाच वेळी करणारे अनेक छोटे गणक होते. हे गणक चित्रांखेरीज दुसरे काम का करणार नाहीत, असा विचार शास्त्रज्ञांच्या मनात आला. २००७ मध्ये एनव्हिडियाने त्यासाठी ‘कुडा’ ही व्यवस्था खुली केली. २०१२ साली कॅनडातील टोरांटो विद्यापीठातील तीन संशोधकांनी चित्रे ओळखणारे एक कृत्रिम मज्जाजाल तयार केले आणि त्या वर्षीच्या स्पर्धेत इतरांना फार मागे टाकले. ते मज्जाजाल त्यांनी खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या दोन कार्डांवर शिकवले होते. आज कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो बोलबाला आहे, त्याच्या पायाभरणीत राक्षसांवर गोळ्या झाडणाऱ्या मुलांनी कार्डांसाठी मोजलेले पैसे आहेत, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरणार नाही.

पुन्हा तोच प्रश्न

क्वेकमध्ये प्रकाशाचा हिशेब खेळताना होत नसे. दिव्यांचा उजेड भिंतीवर कुठे किती पडेल, हे कंपनीतच आधी काढून ठेवत आणि तयार चित्र म्हणून भिंतीवर चढवत. खरोखरीचे प्रकाशकिरण एकेक करून शोधत जाण्याची पद्धत टर्नर व्हिटेड यांनी १९८० साली एका निबंधात मांडली होती. पण तिच्यातून एक चित्र निघायला तेव्हा तासाहून अधिक वेळ लागे. सेकंदाला तीस चित्रे कुठली!

२०१८ च्या सप्टेंबरमध्ये किरणांचा माग काढणाऱ्या खास विभागाची कार्डे घरगुती बाजारात आली. लगेच जुना प्रश्न नव्याने विचारला जाऊ लागला: येणाऱ्या अमुक खेळात हे असेल का? पहिल्यांदा ते ऐच्छिक होते. नोव्हेंबर २०१८ च्या ‘बॅटलफील्ड ५’ मध्ये ती सोय होती, पण ती बंद ठेवूनही खेळ चालत असे. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ मध्ये खुद्द इड सॉफ्टवेअरने आणलेला ‘डूम: द डार्क एजेस’ यांना मात्र असे कार्ड लागतेच. ऐच्छिकाचा सक्तीचा विषय व्हायला या वेळी सहा वर्षे लागली.

सक्ती करण्यामागे खेळ बनवणाऱ्यांचे एक खरे कारण असते. दोन्ही सोयी ठेवायच्या तर प्रत्येक खोलीचा उजेड दोनदा बसवावा लागतो, एकदा आधी काढून ठेवलेला आणि एकदा खेळताना काढायचा. एकच पद्धत ठेवली की हे श्रम वाचतात. पण दुसऱ्या बाजूला ज्याचे कार्ड सहा-सात वर्षांपूर्वीचे आहे, त्याचा संगणक इतर सर्व कामांना उत्तम असूनही या खेळापुरता निकामी ठरतो. श्रम एकाचे वाचतात, खर्च दुसऱ्याला होतो. सिरिक्सवाल्यांची गोष्ट इथे आठवावी.

याला जोडून एक दिलासा देणारी घटना सांगायला हवी. ‘क्वेक २’ चा मूळ प्रोग्रॅम इड सॉफ्टवेअरने २००१ साली सर्वांसाठी खुला केला. त्यामुळे पुढे इतरांना त्यात हात घालता आला आणि जून २०१९ मध्ये पूर्णपणे किरणांच्या हिशेबावर चालणारा ‘क्वेक २’ प्रसिद्ध झाला. बावीस वर्षांचा म्हातारा खेळ सर्वांत नवे तंत्र बोलू लागला! ज्यांचे मूळ प्रोग्रॅम बंद कुलपात राहिले, अशा कित्येक खेळांना हे भाग्य लाभलेले नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

शाळेच्या व्हरांड्यात सारख्या अंतरावर खांब असतील, तर व्हरांड्याच्या एका टोकाला उभे राहून लांबवरच्या टोकापर्यंतचा फोटो काढा. तो मोठा करून छापून घ्या. खांबांच्या बुडांना जोडणारी रेघ आणि वरच्या टोकांना जोडणारी रेघ पुढे वाढवा; त्या एका बिंदूत मिळतील. त्या बिंदूपासून प्रत्येक खांबाच्या बुडापर्यंतचे अंतर पट्टीने मोजा. ही अंतरे समान फरकाने कमी होणार नाहीत. आता प्रत्येक अंतराचा व्यस्त, म्हणजे १ भागिले अंतर, काढा आणि ते व्यस्त क्रमाने मांडा. ते जवळपास समान फरकाने वाढताना दिसतील. मुलांनी हे एकदा स्वतः मोजले, की पेंटियमला भागाकार का करावा लागत होता, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

नंतर त्यांना विचारा: नव्या खेळाने नवे तंत्र वापरावे का? वापरले तर ऐच्छिक ठेवावे की सक्तीचे? खेळ बनवणारे, कार्ड बनवणारे, नवे कार्ड घेतलेले आणि जुन्या कार्डावर भागवणारे, असे चार गट करून बोलायला लावा. प्रत्येक गटाचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर वाटेल. १९९६ सालीही तसेच वाटत होते.